आगबोटीचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये असे आपल्याकडे म्हणतात. परंतु पाण्यावर चालणाऱ्या नौकेचे कूळ विचारण्यास कोणी मनाई केल्याचे ऐकिवात नाही. म्हणूनच ज्या सोलापुरापासून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, जेथे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव आणि नौका म्हणजे पंढरपुरी चंद्रभागेतून वारकऱ्यांना विष्णुपदापर्यंत नेणारी कोळ्यांची होडी, त्या सोलापुरात बसून आगबोटीची कुळकथा सांगण्याचे धाडस मी करीत आहे. हे धाडस वाटते तितके अस्थानी नाही. कारण या कुळाची एक ठळक शाखा आमच्याच गावच्या मातीतून निघालेली आहे. तिच्याकडे यथावकाश येऊ.

प्रथम शब्दाचा विचार करावा. ‘आगबोट’ या शब्दाचा पूर्वार्ध संस्कृत ‘अग्नी’पासून प्राकृताच्या वाटेने मराठीत उतरलेला, तर उत्तरार्ध इंग्रजांच्या गलबतावरून थेट बंदरात उतरलेला, आणि तरीही हा विजातीय विवाह इतका सुखाचा ठरला की त्यातील एक पक्ष परका आहे याची आठवणही कोणास राहिली नाही. धाकटी बहीण ‘आगगाडी’ हिच्याशी ताडून पाहता वयाने बोटच थोरली. कारण मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची नौका 20 मार्च 1830 रोजी सुवेझच्या वाटेला लागली, आणि बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती 16 एप्रिल 1853 रोजी. यात मौजेची गोष्ट अशी की इंग्रजाने आपल्या नौकेचे नाव वाफेवरून ठेवले आणि मराठी माणसाने आगीवरून. वाफ ही पोलादी टाकीच्या पोटातील गुप्त शक्ती, ती ओळखायला यंत्रविद्या हवी; परंतु कोळसा ओढणारा माणूस, धगधगणारी भट्टी आणि धुराचे नळकांडे हे धक्क्यावरच्या कोणालाही दिसत होते. आमच्या लोकांनी जे डोळ्यांना दिसले त्याचेच नाव ठेवले, आणि पुढे तेलाची यंत्रे येऊन भट्टी विझली तेव्हाही ते बदलले नाही.

नावाचा अर्धा भाग इंग्रजी झाला म्हणून नौकेवरचा अंमल मात्र इंग्रजी झाला नाही. जेथे ती टेकते ते ‘बंदर’ फारसी. खलाशांवरचा ‘सारंग’ हाही फारसी ‘सरहंग’. आणि कोळीवाड्यात आजही ज्याला आदराने ‘नाखवा’ म्हणतात तो मूळचा ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. नवी सून घरात आली तरी किल्ल्यांचा जुडगा जुन्या मंडळींच्याच कमरेला राहावा, तसा हा प्रकार आहे.

आता तिच्या वहिवाटीकडे वळू. मुंबईतील भाऊचा धक्का हा भाऊ अजिंक्य या गृहस्थांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभा राहिला. आणि उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या व तिच्यामागून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईहून दक्षिणेकडे निघू लागल्या, त्या हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी जपमाळेतील मण्यांप्रमाणे बंदरे घेत पणजीपर्यंत जात. ही बंदरे कोणा इंजिनियराने नकाशावर योजलेली नव्हती. सह्याद्रीतून उतरलेली नदी जेथे समुद्रास मिळते, जेथे खाडीच्या मुखावर एखादा जलदुर्ग किंवा किल्ला पूर्वीच पहारा देत आहे आणि जेथे जकातीचे नाके पिढ्यान्‌पिढ्या बसत आलेले आहे, तेथेच बोट थांबे. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वाघोटणच्या खाडीवर विजयदुर्ग, आणि हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

परंतु थांबे म्हणजे धक्क्यास लागे असे मात्र कोणी समजू नये. बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध असल्याने आगबोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि भोंगा देई. मग किनाऱ्यावरून पडाव निघत, आणि हेलकावणारा पडाव व हेलकावणारी बोट क्षणभर एका पातळीवर येताच उतारूने पाऊल टाकावयाचे, हा सारा व्यवहार पुष्कळदा मध्यरात्री, कंदिलाच्या उजेडात, म्हातारी, तान्ही मुले, वळकट्या आणि फणस यांच्यासह उरकला जाई. तेथूनही घर लांब असे; दाभोळास उतरलेला चिपळूणकर भरतीची वाट पाहून लहान लाँचमधून खाडीने गोवळकोटापर्यंत वर जाई, म्हणजे प्रवासाचे अर्धे वेळापत्रक कंपनीच्या दफ्तरात असले तरी उरलेले अर्धे चंद्राच्या हाती होते. पाऊस लागला की सारेच बंद. जूनपासून नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत कोकणचा मुलूख मुंबईस जवळजवळ पारखा होई.

युरोप-अमेरिकेत हल्ली धनिक लोक स्वतःची मोटारबोट घेऊन किनाऱ्याने गावोगाव मुक्काम करीत हिंडतात, आणि अशा मुक्कामाच्या सुसज्ज बंदराला मरीना म्हणतात, हे वाचताना मला मालवणच्या पडावात ओलेचिंब होऊन उतरणारा गिरणीकामगार आठवतो. बंदरामागून बंदर घेत जाण्याची ती चैन त्यानेही केली होती, पण तिला चैन म्हणावे हे त्याच्या स्वप्नातही आले नसते.

पंढरीच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हा लोकांना या बोटींची नावे विशेष चमत्कारिक वाटतात. भाविक उतारूंच्या किनाऱ्यावर बोटींना संतांची नावे पडली, त्यात ‘तुकाराम’ होती आणि ‘रामदास’ही होती. ज्याची गाथा इंद्रायणीने वर आणून दिली अशी आमची श्रद्धा, त्याच्या नावाची बोट 11 नोव्हेंबर 1927 रोजी ‘जयंती’ या दुसऱ्या बोटीबरोबर एकाच दिवशी बुडाली. आणि ‘रामदास’ 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना उलटली, तेव्हा सहाशेहून अधिक माणसे गेली.

येथे सोलापूरची शाखा फुटते. आमची ‘जुनी गिरणी’, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, मोरारजी गोकुळदास यांनी काढली आणि 1877 च्या सुमारास ती चालू झाली. तिच्या भोंग्यावर हे गाव कित्येक पिढ्या उठले व निजले. त्याच मोरारजींचे चिरंजीव शेठ नरोत्तम मोरारजी. दुसरे गृहस्थ वालचंद हिराचंद दोशी. 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात जन्मलेले, वडिलांची कापसाची पेढी आणि सावकारी. मन मात्र पेढीच्या गादीवर न रमणारे. फाटक नावाच्या मराठी कंत्राटदाराशी भागीदारी करून त्यांनी पहिला मोठा मक्ता घेतला तो बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे तुकड्याचा. म्हणजे आगबोटीआधी या गृहस्थांनी आगगाडीचीच वाट बांधली, तीही अडीच फुटी रुळांची आणि ज्वारीच्या रानातून जाणारी.

ग्वाल्हेरच्या महाराज शिंद्यांची ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विकाऊ आहे ही वार्ता वालचंदांना आगगाडीच्याच डब्यात एका इंग्रज सहप्रवाशाकडून लागली असे सांगतात. ती बोट 1891 ची, मूळची कॅनेडियन पॅसिफिकची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. महायुद्धात शिंद्यांनी ती जखमी शिपायांसाठी तरते इस्पितळ म्हणून दिलेली. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांनी ती घेतली, मार्च 1919 मध्ये कंपनी स्थापली, आणि बोटीच्या पूर्वीच्या धन्यावरून तिचे नाव सिंदिया ठेवले. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. हीच तिथी पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरली. लाभाच्या दृष्टीने म्हटले तर म्हातारी बोट पांढरा हत्ती निघाली आणि थोड्याच वर्षांत मोडीत गेली. परंतु कूळ चालू झाले होते.

यानंतरचा इतिहास दर्यापेक्षा दफ्तरात अधिक घडला. किनाऱ्याच्या व्यापारावर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीचा जवळजवळ मक्ताच होता, आणि नवा प्रतिस्पर्धी दिसताच भाडे इतके उतरवावयाचे की त्याने दिवाळे काढावे, ही त्यांची ठरलेली रीत. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्ले यांची 1906 ची स्वदेशी कंपनी याच भाडेयुद्धात आणि सरकारी जाचात नामशेष झाली होती. सिंदियाने 1923 साली दहा वर्षांचा करार पत्करला. त्याने तिचा जीव वाचला, पण तिला किनाऱ्याच्या मालवाहतुकीत जखडून ठेवले. लंडनला जाण्यासाठी जन्मलेली कंपनी आपल्याच अंगणात कोंडली गेली. माझ्या मते हा करार भित्रेपणाचा नव्हता. पडावातून बोटीवर पाऊल टाकणारा उतारू जसा लाटेची वेळ पाहतो, तशी ती वेळ पाहणे होते. 1928 साली साराभाई हाजी यांनी किनाऱ्याचा व्यापार देशी नौकांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले, परंतु त्याचा कायदा होऊ शकला नाही. नरोत्तमशेठ 1929 साली मोटार अपघातात वारले. कारभार वालचंदांकडे आला. विशाखापट्टणच्या जहाजकारखान्याची कोनशिला 21 जून 1941 रोजी बसली, आणि तेथे बांधलेले ‘जल उषा’ 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. ज्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी हर्णै-दाभोळ करीत, ती कंपनीही अखेर सिंदियाच्याच ताब्यात आली. म्हणजे मालवणच्या माणसाला मध्यरात्री पडावात उतरविणाऱ्या बोटीची मालकी, फिरून फिरून, एका सोलापूरकराच्या पेढीशी येऊन ठेपली.

पुढे डांबरी रस्ते झाले, एस.टी. आली, आणि उतारूंची आगबोट बंद पडली. मात्र तिचा एक वाक्प्रचार मागे राहिला. कोल्हापूरवरून रत्नागिरीस जाताना आंबा घाटाची वळणे सुरू झाली तेव्हा माझ्या पुढच्या बाकावरील पोराचा चेहरा पांढरा पडला. आमच्या बाजूला अशा वेळी ‘गाडी लागली’ म्हणतात, परंतु शेजारची देवरुखाची आजी, जिचे माहेर जयगडचे असल्याचे तिने आधीच सांगितले होते, लिंबू पुढे करीत सहज म्हणाली, “बोट लागली का रे बाळा?” मुलाने मान हलविली. बोट म्हणजे काय हे त्याला विचारावे असे मनात होते, पण खिडकीपाशी त्याची निकड अधिक होती.