गंभीर आख्यान आणि त्याचें विनोदी उपाख्यान

एखाद्या कथेविषयीं लोकांच्या मनांत आदर असेल तर तिची थट्टा होतां कामा नये, आणि थट्टा होऊं लागली कीं आदर ओसरला असें खुशाल समजावें, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज इतिहासाच्या कसोटीला उतरत नाहीं, असें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम परदेशांतील एक अलीकडचें उदाहरण घेऊं. जपानांत २०१४ सालीं ‘ग्रॅनब्लू फँटसी’ नांवाचा खेळ मोबाइल फोनसाठीं निघाला. आकाशांत तरंगणारीं बेटें, हवेंतून जाणारीं जहाजें, अद्भुत शक्ति आणि त्यांच्याशीं झुंजणारे वीर असें त्याचें विश्व आहे. पुढें याच वीरांना घेऊन चार चार चौकटींची एक विनोदी चित्रमालिका निघाली. जपानी लोक ज्याला ‘मांगा’ म्हणतात त्या जातीची ती आहे. २०२० सालीं तिच्यावरून चलच्चित्रांची मालिकाही झाली. मूळ खेळांत ज्यांनीं जग तारावयाचें, ते येथें क्षुल्लक कारणांवरून भांडतात आणि फजित पावतात. मूळ कथा ठाऊक नसलेल्याला यांतील निम्मी गंमत कळावयाची नाहीं. अर्थात् ही थट्टा परक्यांसाठीं नाहीं, भक्तांसाठींच आहे.

मराठींत ‘खेळ’ हा शब्द सोंगट्यांनाही लागतो आणि नाटकालाही. कोंकणांतील दशावताराचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांना जपानी मंडळींची ही युक्ति नवी वाटणार नाहीं. त्या खेळाच्या पूर्वरंगांत संकासुर येतो. वेद चोरणारा आणि विष्णूच्या हातून मरावयाचा असा हा दैत्य. काळा वेष, काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी तांबडी जीभ, असें त्याचें रूप भय वाटावें असें; परंतु तोंड उघडतांच तो मालवणींत बोलूं लागतो, चालू जमान्यावर कोट्या करतो, आणि देवळापुढें जमलेले भाविक पोट धरून हसतात. त्याच रात्रीं, त्याच मंडळींपुढें, पुराणांतील आख्यान रंगतें. एकानें दुसऱ्याचें कांहीं बिघडल्याचें ऐकिवांत नाहीं.

याच मातींतून कै. गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ हें मालवणी नाटक १९८० सालीं रंगभूमीवर आलें. कांहीं गांवकरी द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग करूं पाहतात व त्यांत त्यांची जी तारांबळ उडते, तेंच याचें कथानक. कै. मच्छिंद्र कांबळी यांच्या भूमिकेनें गाजलेल्या या नाटकाचे पांच हजारांहून अधिक प्रयोग झाले. पुढें १९८३ सालीं कै. कुंदन शहा यांच्या ‘जाने भी दो यारो’ या हिंदी चित्रपटाच्या शेवटीं हाच प्रसंग पुन्हां आला. तेथें तर द्रौपदीच्या वस्त्रांत एका लांचखाऊ अधिकाऱ्याचें प्रेत आहे!

आतां मुंबईच्या आरे कॉलनीकडे वळूं. शहरांतील गोठे हलवून नगराला चांगलें दूध मिळावें म्हणून १९४९ सालीं ही वसाहत उभारण्यांत आली. तिच्या वनराईला लागूनच १९७७ सालीं सरकारनें चित्रनगरी स्थापिली. तिला पुढें दादासाहेब फाळके यांचें नांव मिळालें. तें यथार्थच होय. कारण ‘मोहिनी भस्मासुर’ या पौराणिक चित्रपटाला ‘पिठाचे पंजे’ या विनोदी लघुपटाची जोड देणारे फाळकेच. याच चित्रनगरींत कै. बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेची कौरवसभा सजली. १९८८ ते १९९० या काळांत तिचे ९४ भाग दूरदर्शनवर दाखविले गेले, आणि रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत.

हा कालक्रम वाचकांनीं लक्षांत घ्यावा. आधीं हास्य झालें, भक्ति मागाहून आली. ज्या मुंबईनें आठ वर्षें ‘वस्त्रहरणा’ला गर्दी केली, तीच मुंबई द्रौपदीचा आक्रोश ऐकून स्तब्ध झाली. हास्यानें आदर नष्ट होत असता तर हें घडलेंच नसतें.

याचें कारण शोधूं गेल्यास असें दिसतें कीं, या दोन्ही कृतींत द्रौपदीची विटंबना हा हास्याचा विषयच नाहीं. नाटकांत हसें होतें तें तिचें सोंग आणणाऱ्यांच्या हौसेचें, आणि चित्रपटांत होतें तें प्रेतासाठीं झोंबणाऱ्या लोभी माणसांचें. ज्या दिवशीं विनोद बलवानांना सोडून सभेंत एकट्या पडलेल्या स्त्रीलाच हसूं लागेल, त्या दिवशीं त्याचा निषेध अवश्य करावा. तोंपर्यंत नुसतें महाकाव्याचें नांव ऐकून प्रयोग बंद पाडूं पाहणाऱ्यांनीं संकासुराकडे एकवार पहावें. आख्यानाची थट्टा ऐकून लोक हसतात, याचा अर्थ तें आख्यान त्यांना अद्याप पाठ आहे. भीति बाळगावयाचीच असेल तर ती, ही थट्टा कोणालाच कळेनाशी होईल, त्या दिवसाची बाळगावी.