सूत्र आणि भाष्य

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ रचली. श्लोक पाठ होतो, पण त्यातली रीत का चालते हे कळतेच असे नाही. म्हणून १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून रीतींची उपपत्ती दिली. थोडक्यात लिहावे की उलगडून, ही ओढाताण संगणकाच्या भाषांतही झाली.

केनेथ आयव्हर्सन १९५० च्या दशकात हार्वर्डला शिकवत. वर्गात वापरण्यासाठी त्यांनी एक चिन्हलिपी तयार केली. तीत संख्यांची अख्खी रांग किंवा कोष्टक ही एकच वस्तू. +/ एवढे लिहिले की साऱ्या रांगेची बेरीज! १९६२ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि १९६६ मध्ये आयबीएमच्या यंत्रावर ती लिपी ‘एपीएल’ म्हणून चालू लागली. आधी खडू, मग यंत्र.

या भाषेत फेरे घालायचे तर ओळीच्या क्रमांकावर उडी मारावी लागे. ते टाळून सारे काम एकाच ओळीत बसवण्याची चढाओढ लागली. शिवाय गणन उजवीकडून डावीकडे. ३×२+१ चे उत्तर येते ९. न सरावलेल्याला अशी ओळ म्हणजे कोडेच.

या चढाओढीचा फटका मलाही बसला. ओरोसला शिक्षकांपुढे मी कापरेकरांची रीत एका ओळीत लिहून दाखवली. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांना १९४९ मध्ये सापडलेली ही गंमत आपणांस ठाऊक असेलच. चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्या.

एका बाईंनी २१११ ही संख्या दिली. उत्तर आले शून्य! माझीच ओळ मला वाचता येईना. चूक त्या बाईंनीच वहीत पायऱ्या मांडून शोधली : २१११ – १११२ = ९९९. इथे ०९९९ असे चार अंक राखायला हवेत. मी ते न राखल्यामुळे पुढची वजाबाकी ९९९ – ९९९ झाली होती.

मग आम्ही ती ओळ फोडली. ‘चार अंक सुटे करा’, ‘उतरता क्रम’, ‘चढता क्रम’, ‘वजाबाकी’ अशी प्रत्येक पायरीला नावे दिली. पहिलीशेजारी टीप लिहिली : पुढचे शून्य गाळू नये. फेऱ्यांची कटकट वाढली नाही. चार अंकी संख्यांचे सबंध कोष्टक अजूनही एकदम चालत होते. फक्त आता चूक लपायला जागा नव्हती.

आयव्हर्सन यांना १९७९ मध्ये ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या व्याख्यानाचा विषय होता विचाराचे साधन म्हणून चिन्हलिपी. पायथॉनच्या ‘नमपाय’मध्येही आज रांगा अशाच एकदम हाताळतात. गणित सोडवताना पायऱ्या दाखवा, असे आपण मुलांना बजावतो. आज्ञावली लिहिताना आपल्यालाही तोच नियम लागू आहे.