माशांचं गोत्र

वंशावळ वाचता वाचता भूक लागणं, हा प्रकार माझ्या बाबतीत एकदाच घडला. कुटुंब जपानी. आडनाव इसोनो, म्हणजे किनाऱ्याकडचे. आपल्याकडचे ‘समुद्रे’ म्हणा ना! वडील नामीहेई, नावातच लाट. आई फुने, म्हणजे होडी. थोरली लेक साझाए, म्हणजे समुद्रातली शंखवाली गोगलगाय. मुलगा कात्सुओ, आपल्या कुप्याच्या भाऊबंदांतला. धाकटी वाकामे, म्हणजे शेवाळ. जावई मासुओ, ‘मासु’ म्हणजे ट्राउट मासा. त्याचं आडनाव फुगुता, त्यात विषारी फुगु! असला जावई जपूनच पचवायचा.

ही मंडळी १९४६ साली माचिको हासेगावा या बाईंनी फुकुओकाच्या एका वर्तमानपत्रात चित्रांतून जन्माला घातली. नावं सुचली समुद्रकाठी फिरताना. युद्ध हरलेलं, घरोघरी अन्नाची ओढाताण. आणि बाईंनी अख्ख्या घराचं बारसं समुद्रावर उरकलं. ताटात नाही ते निदान नावात तरी, असं आपलं मला वाटतं.

१९६९ पासून हे घर टीव्हीवर नांदतंय. बाई १९९२ साली गेल्या. एरवी मासळी दुसऱ्या दिवशी वास मारते. ही अजून ताजी आहे.