अंकांच्या रांगा आणि डहाणूचे कापरेकर

वसई-विरार मागें टाकून लोहमार्गानें उत्तरेस जावें, म्हणजे डहाणू लागतें. आज पालघर जिल्ह्यांत व त्या काळीं ठाणें जिल्ह्यांत मोडणाऱ्या या गांवीं १९०५ सालीं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत असतां १९२७ सालीं त्यांनीं रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळविलें. १९२९ मध्यें ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर म्हणून राहिले. पुढची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. त्यामुळें त्यांच्या संख्याशोधनाकडे येथील गणितज्ञांनीं प्रथम गांभीर्यानें पाहिलें नाहीं. हा केवळ आंकड्यांचा खेळ, कीं गणित?

खेळाचा एक मासला असा. ३४ चा वर्ग ११५६. ३३४ चा १११५५६. ३३३४ चा ११११५५५६. मूळ संख्येंत एक तीन वाढविला, कीं वर्गांत एक एकका व एक पंचा वाढतो. यांत चमत्कार कांहीं नाहीं. ३३३४ ची तिप्पट १०००२. तिचा वर्ग १०००४०००४. त्यास ९ नें भागिलें असतां ११११५५५६. दहा, शंभर, हजार यांस नवानें भागतांना एकाच अंकाची रांग उमटते, हा दशमान पद्धतीचा धर्म होय.

कापरेकरांनीं अशा रांगांचें एक स्वतंत्र कुळच मांडलें. मुंबईपासून सुमारें ३० मैलांवरील डेमलो, म्हणजेच डोंबिवली, स्थानकावर ती कल्पना सुचली; म्हणून त्यांस त्यांनीं ‘डेमलो संख्या’ हें नांव दिलें. २३ ला १११ नें गुणावें, उत्तर २५५३. कडेच्या २ व ३ यांची बेरीज ५, आणि तोच अंक मध्यें दोनदां. १११ ला १११ नेंच गुणिलें तर १२३२१; नऊ एककांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एककांचा वर्ग करतांना मात्र मधल्या स्थानीं बेरीज दहा होते, हातचा पुढें सरकतो, व उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें येऊन ती शोभा भंगते.

रांग कां उमटते व कोठें तुटते, हें सांगतां येऊं लागलें, कीं खेळाचें गणित होतें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत कापरेकरांविषयीं लिहिलें, आणि देवळालीच्या या शिक्षकाचें नांव जगभर झालें. १९८६ सालीं ते निवर्तले. ‘कापरेकर संख्या’ व ‘कापरेकर स्थिरांक’ हे शब्द आज देशोदेशींचे अभ्यासक वापरतात. त्यांतील कोणी त्यांची पदवी विचारीत नाहीं.