वीरगळावर नसलेला वीर : मेजर रामा राघोबा राणे

गोमंतकात आणि कारवार पट्ट्यात जुन्या देवस्थानांच्या आवारात, कोठे प्राकाराच्या कोपऱ्यात तर कोठे तळीच्या काठी, एखादा वीरगळ उभा असलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. जत्रेच्या दिवशी कोणी भाविक त्यावर दोन फुले वाहतो, एरवी पाऊस आणि शेवाळ हेच त्याचे उपासक. त्यावरील शिल्पाची रचना ठरलेली असते. खालच्या चौकटीत रणसंग्राम, मधल्या चौकटीत वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि सर्वांच्या वर चंद्रसूर्य. गावासाठी, गाईगुरांसाठी, स्वामिकार्यासाठी ज्याने प्राण वेचले त्याची ही स्मृती. जो लढला, जखमी झाला, परंतु परत आला, ज्याने नंतर संसार केला आणि वृद्धापकाळी देह ठेवला, त्याच्यासाठी मात्र आपल्या पूर्वजांनी असा पाषाण घडविला नाही. वीर म्हटला की तो रणात पडलेलाच असावा, अशी आपल्या मनाची जणू एक घडण होऊन बसली आहे.

या घडणीस छेद देणारे एक चरित्र आपल्या अगदी शेजारी घडून गेले. कारवारजवळील चेंडिया हे ज्यांचे मूळ गाव, त्या मेजर रामा राघोबा राणे यांचे ते चरित्र होय.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कोकण क्षत्रिय मराठा घराण्यात झाला. वडील पोलीस खात्यात शिपाई असल्यामुळे वारंवार बदल्या होत आणि मुलाचे शिक्षणही ठिकठिकाणच्या शाळांतून झाले. १९३० सालच्या राष्ट्रीय चळवळीचे वारे बारा वर्षांच्या रामाच्या अंगी संचारले, तेव्हा सरकारी चाकरीतल्या त्या पित्याचा जीव धास्तावला आणि त्याने कुटुंबाला चेंडियास परत आणले. पुढे दहा वर्षांनी, जुलै १९४० मध्ये, हाच मुलगा सैन्यात दाखल झाला. त्याची पलटण होती मुंबई सफरमैना, म्हणजे लष्करासाठी रस्ते व पूल बांधणारी, सुरुंग पेरणारी आणि शत्रूने पेरलेले सुरुंग उचलणारी पलटण. पायदळ शत्रूवर तुटून पडते; सफरमैना त्याच्या आधी जाऊन त्यास वाट करून देतो. राणे यांच्या सबंध आयुष्याचा अर्थ या एका भेदात साठविलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात त्यांची रवानगी ब्रह्मदेशात, आराकानच्या आघाडीवर झाली. बुथिडाँग येथून माघार घेताना मागे राहून दारूगोळा आणि वाहने नष्ट करण्याचे काम राणे यांच्या हाताखालच्या दोन तुकड्यांवर सोपविण्यात आले. काम पार पडल्यावर आरमाराच्या नौका त्यांना घेऊन जाणार होत्या. परंतु त्या आल्याच नाहीत. तेव्हा जपानी गस्तीला हुलकावणी देत, नदी ओलांडून, राणे यांनी आपली माणसे स्वपक्षात परत आणली. या कामगिरीबद्दल त्यांना हवालदाराची बढती मिळाली. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले, आणि पुढच्या चारच महिन्यांत तो प्रसंग आला.

नोव्हेंबर १९४७ मध्ये जम्मू प्रांतातील राजौरी हल्लेखोरांच्या हाती पडली होती आणि तेथील हिंदू व शीख कुटुंबांवर भीषण कत्तलीचा प्रसंग गुदरला होता. जे वाचले त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर नौशेराहून राजौरीकडे जाणारा डोंगरी रस्ता मोकळा व्हावयास हवा होता. रणगाडे सज्ज होते, परंतु सुरुंगांनी आणि अडथळ्यांनी भरलेल्या रस्त्यावर रणगाडा ही एक निरुपयोगी वस्तू असते.

८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी ११ वाजता, सव्विसाव्या मैलाजवळ, राणे आणि त्यांचे सोबती रणगाड्यांपाशी कामाची वाट पाहत असतानाच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. त्यांपैकी दोघे जागीच ठार झाले. पाच जखमी झाले, त्यांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्यांची जुळवाजुळव केली आणि काम सुरू केले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी आपल्या सैन्याने घेतली. शत्रू अद्याप पुरता हटलेला नाही हे ठाऊक असूनही राणे आपली तुकडी घेऊन पुढे झाले आणि रणगाड्यांसाठी वळणवाट काढू लागले. मशीनगनच्या माऱ्याखाली हे काम रात्री १० पर्यंत चालले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ६ ला पुन्हा प्रारंभ. दुपारी ३ वाजता वळणवाट तयार झाली आणि राणे अगदी पुढच्या गाडीत जाऊन बसले. अर्ध्या मैलावर चिडाची झाडे आडवी पाडलेली. त्यांनी उतरून ती स्फोटाने उडविली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे उद्ध्वस्त केलेली मोरी; तिला बगल देऊन नवी वाट. संध्याकाळी सव्वासहा वाजता, उजेड सरत असताना, पाच प्रचंड चिडाची झाडे आडवी आली, त्यांच्या भोवती सुरुंग आणि वरून मशीनगनचा मारा. राणे तेथेही हात घालावयास निघाले होते. सेनानीनेच त्या रात्रीपुरती चाल थांबविली.

१० तारखेस पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्या झाडांपाशी हजर होते. साडेसहाला तो अडथळा दूर झाला, आणि त्यापुढील हजार यार्डांतले अडथळे व उडविलेले बांध साडेदहापर्यंत. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ वाजता चिंगसला पोहोचले. राणे यांनी येथे थांबावयास हरकत नव्हती. परंतु रणगाड्यांच्या मागून अन्न, औषध आणि दारूगोळा घेऊन येणाऱ्या गाड्यांना नदीचे पात्र उपयोगाचे नव्हते. त्यांना रस्ताच हवा होता. म्हणून जखमी अवस्थेत, अन्नविश्रांतीवाचून, ते रात्री ९ पर्यंत रस्ता मोकळा करीत राहिले. त्या एका दिवशीचे ते सव्वासोळा तास होतात. ११ तारखेस सकाळी ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि त्यापुढील रस्त्यावर ते रात्री १० पर्यंत राबत होते. १२ एप्रिल रोजी भारतीय सैन्य राजौरीत शिरले.

या चार दिवसांच्या वृत्तांतात राणे यांनी किती शत्रू मारले याचा आकडा नाही. आहेत ती झाडे, सुरुंग, मोऱ्या आणि घड्याळाचे काटे. हे शौर्य क्षणभर पेटून उठणारे नव्हते. ते कामाचे शौर्य होते, रोज पहाटे उठून पुन्हा त्याच जागी जाऊन बसणारे.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्राची स्थापना झाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात राणे यांना ते जाहीर झाले. काश्मीरच्या त्या पहिल्या युद्धात हे पदक पाच जणांना मिळाले. तिघांना मरणोत्तर, दोघांना हयातीत. हयात असलेल्या त्या दोघांपैकी एक राणे, दुसरे करमसिंग. पदकाचे रेखाटन सावित्री खानोलकर यांनी केले. जन्माने त्या युरोपीय, परंतु विवाहाने खानोलकर घराण्यात आलेल्या आणि आपल्या पुराणांच्या व्यासंगी. त्यांनी पदकावर राजमुद्रेभोवती चार वज्रे कोरली. दधीची ऋषींनी देवकार्यासाठी दिलेल्या अस्थींचे ते वज्र. दधीचींचा देहत्याग आपण कीर्तनांतून नेहमी ऐकतो. मात्र ते गृहस्थाश्रमी होते आणि पिप्पलाद हा त्यांचा पुत्र, पित्यावाचून वाढलेला, हे आपण सहसा आठवत नाही. त्यागाचे मोल ज्या घराने मोजले ते घर कथेच्या कडेला राहून जाते.

राणे यांच्या कथेत ते घर कडेला राहिले नाही. १९५५ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचा विवाह काळी नदीच्या तीरावरील सदाशिवगडच्या कन्येशी झाला. त्या काळी उत्तरेस पोळ्यापलीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि कारवार मुंबई राज्यात होते. पुढच्याच वर्षी ते म्हैसूर राज्यात गेले. सीमा बदलत राहिल्या, त्या गृहस्थाचा संसार मात्र चालत राहिला. चार अपत्ये झाली. सैनिकाच्या संसारात बदली ही नित्याची, आणि वियोगही. १९६८ साली राणे मेजरपदावरून निवृत्त झाले. पाच वेळा त्यांचा लष्करी खलित्यांतून गौरवाने उल्लेख झाला होता. निवृत्तीनंतरही १९७१ पर्यंत त्यांनी लष्करातच पुनर्नियुक्तीवर काम केले. जुलै १९९४ मध्ये पुण्यास त्यांनी देह ठेवला. बरवालीच्या त्या सकाळनंतर त्यांना ४६ वर्षे लाभली, आणि त्यांतील ३९ वर्षे त्यांनी संसार केला.

त्या सकाळी त्यांच्या शेजारी जे दोन सैनिक पडले त्यांच्या घरांना ही वर्षे लाभली नाहीत. तोफगोळ्याचा एक तुकडा वीतभर इकडे की तिकडे, एवढाच तो फरक. राणे यांच्या दीर्घायुष्याकडे पाहताना त्या दोघांचे विस्मरण होऊ नये. आणि त्या दोघांना वंदन करताना, जो वाचला त्याचे शौर्य उणे आहे असेही समजू नये. जे पडले त्यांनी एकदाच सर्वस्व दिले. जो राहिला त्याने उरलेले सर्व दिवस एकेक करून दिले, काही राष्ट्राला, काही घराला.

कारवारच्या समुद्रकिनारी २००६ साली राणे यांचा पुतळा उभारण्यात आला, आणि २०२३ साली अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले. आपल्या भागाने आणि राष्ट्राने त्यांची आठवण ठेवली, हे समाधानाचे होय. तरीही पुढच्या जत्रेच्या दिवशी देवळाच्या आवारातील वीरगळापुढे हात जोडाल, तेव्हा त्यावर नसलेल्या एका चौथ्या चौकटीचे मनात स्मरण करावे. त्या चौकटीत युद्ध नाही, अप्सरा नाहीत. एक माणूस रजेवर घरी आला आहे, पायातले बूट त्याने ओसरीवर काढून ठेवले आहेत, आणि मुले त्याच्याभोवती जमली आहेत.