धुक्याचा घाट, लोबानाचा उतार

ओमानच्या दक्षिण टोकाला, धोफार प्रांतात, सलालाह हे शहर ज्या किनारी सपाटीवर वसले आहे तिला तिथले लोक जर्बीब म्हणतात. या सपाटीच्या मागे चंद्रकोरीसारखी पसरलेली डोंगररांग पश्चिमेकडे जबल अल्-कमर, मध्यभागी जबल अल्-करा आणि पूर्वेकडे जबल समहान अशा तीन नावांनी ओळखली जाते, आणि तिच्या पलीकडे वाळवंटाच्या दिशेने उतरत जाणाऱ्या कोरड्या पठारी मुलखाला नज्द अशी संज्ञा आहे. कोकण, सह्याद्री आणि देश ही उतरंड ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. सलालाहच्या किनाऱ्यावरच्या नारळी-केळीच्या बागा पाहता ती ओळख अधिकच दृढ होते. डोंगर चढून जाणाऱ्या अवघड वाटेला अरबीत अकबा म्हणतात, आणि मराठीतील 'घाट' हाच त्याचा नेमका प्रतिशब्द होय.

या घाटांचा इतिहास समजण्यासाठी आधी तिथला पाऊस समजून घ्यावा लागतो. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारे धोफारच्या किनाऱ्याला घासून जातात, समुद्राच्या तळाचे थंड पाणी वर येते, त्यावरून वाहणारी दमट हवा निवते आणि धुके होऊन डोंगराच्या दक्षिण उतारावर साचते. सरी कोसळणारा हा पाऊस नव्हे, दिवसेंदिवस झिरपणारी ही भुरभुर आहे. तरीही तेवढ्यावर डोंगर हिरवेगार होतात. या ऋतूला तिथे खरीफ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शरद ऋतू असा असून, फारसीच्या वाटेने आलेला हाच शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या तोंडी 'खरीप' म्हणून रुळला आहे. एकाच वाऱ्याच्या दोन काठांवर एकच शब्द दोन पिकांच्या हिशेबात वापरला जावा, ही भाषेने जपलेली फार मोलाची नोंद आहे.

धुके डोंगरमाथ्यावर थांबते. माथा ओलांडून काही किलोमीटर उत्तरेकडे गेले की गवत संपते, माती फिकट होते, आणि चुनखडीच्या घळींमध्ये बुटकी, वेडीवाकडी, कागदासारखी साल सुटणारी झाडे दिसू लागतात. ही लोबानाची झाडे होत. अरबीत त्यांच्या डिंकाला लुबान म्हणतात. महाराष्ट्रात विदर्भ-खानदेशच्या टेकड्यांवर आढळणारा साळई हा वृक्ष याच कुळातील असून त्याचाही डिंक धुपासाठी वापरला जातो. धोफारी लोबान काढणारा कारागीर मन्कफ नावाच्या लहान हत्याराने खोडाची साल जागोजागी खरवडतो. पहिल्या घावाचा चीक उपयोगाचा नसतो, काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा खरवडल्यावर येणारा चीक बरा, आणि त्यानंतरचा उत्तम मानला जातो. पण प्रत ठरते ती मुख्यतः झाड कुठे उभे आहे यावर. समहानच्या मागच्या कोरड्या घळींतील हौजरी हा सर्वश्रेष्ठ, त्याखालोखाल नज्दी, मग पश्चिमेकडील शझरी, आणि समुद्राच्या दमट हवेत वाढलेला शअबी हा सर्वांत हलका, अशी ही परंपरागत वर्गवारी आहे. ज्या धुक्याने धोफार सुंदर होतो तेच धुके लोबानाला मानवत नाही, आणि म्हणूनच या प्रांताचे सौंदर्य डोंगराच्या एका बाजूला तर संपत्ती दुसऱ्या बाजूला राहिली.

उताराच्या दिशेवरून, मातीवरून आणि हवेवरून मालाला नाव देण्याची ही रीत जगाला फ्रान्समधील द्राक्षमळ्यांमुळे अधिक परिचित आहे. बर्गंडी प्रांतात टेकडीच्या कोणत्या पट्ट्यावर वेल उभा आहे यावरून वाइनचे नाव आणि मोल ठरते. तिथे अशा एकेका पट्ट्याला 'क्लिमा' म्हणतात, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने या पट्ट्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. १९३५ मध्ये फ्रान्सने मूळस्थानावरून मिळणाऱ्या नावांना कायद्याचे संरक्षण देणारी राष्ट्रीय व्यवस्था उभी केली. धोफारमधील वर्गवारी मात्र कोणत्याही कायद्याने घडवलेली नव्हती. ती झाडांची राखण करणाऱ्या जमातींच्या आणि व्यापाऱ्यांच्या स्मरणात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. या दोन मुलखांतील खरा फरक मात्र रस्त्यांचा आहे, आणि तो नीट पाहिल्यावाचून धोफारचा अर्वाचीन इतिहास उलगडत नाही.

प्राचीन काळी लोबानाला वाट होती, आणि ती कडक पहाऱ्याची होती. रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो की, लोबानाच्या झाडांवर सुमारे ३,००० कुटुंबांचा वंशपरंपरागत हक्क होता, आणि माल लादलेला उंट हमरस्ता सोडून वळला तर तो देहदंडाचा अपराध समजला जाई. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस', म्हणजे तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या किनाऱ्यांची ग्रीक भाषेतील मार्गदर्शिका, या मुलखाचे वर्णन दाट ढगांनी आणि धुक्याने वेढलेला डोंगराळ प्रदेश असे करते. मोस्खा या तिथल्या बंदरात हंगाम चुकलेली भरूच आणि मलबारकडील जहाजे मुक्काम करीत आणि कापड, गहू व तिळाचे तेल देऊन लोबान घेत, असेही ती सांगते. याच ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे येतात, त्यामुळे कोकण आणि धोफार हे एकाच व्यापारी नकाशाचे दोन भाग होते, असे म्हणण्यास सबळ आधार आहे. सलालाहच्या पूर्वेला खोर रोरी या खाडीवर सुमहुरम नावाच्या तटबंदीच्या नगराचे अवशेष आहेत, आणि मोस्खा ते हेच असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे १९५० च्या दशकातील अमेरिकी उत्खननात भारतीय घडणीची स्त्रीची एक लहान कांस्यमूर्ती मिळाली, आणि नंतरच्या इटालियन उत्खननात तमिळ-ब्राह्मी अक्षरे कोरलेले खापर सापडले.

त्या काळी आपल्याकडे सातवाहनांच्या राज्यात कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे. नाणेघाट आणि धोफारची अकबा यांची कामगिरी सारखीच होती, किनारा आणि पठार यांची गाठ घालून देण्याची. पुढे मात्र दोघांचे नशीब वेगळे झाले. रिचर्ड बुलिएट या इतिहासकाराने १९७५ मध्ये दाखवून दिले की, खोगिराच्या सुधारणेमुळे उंटावरची वाहतूक इतकी स्वस्त झाली की अरबस्तान आणि पश्चिम आशियातून चाकाची गाडी जवळजवळ नाहीशीच झाली. चाक नसेल तिथे बांधलेला रस्ता लागत नाही. उंटाला पाऊलवाट पुरते. सह्याद्रीत १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाची गाडीवाट खुली झाली, तेव्हा धोफारचा घाट प्लिनीच्या काळी होता तसाच उंटांच्या पावलांनी झिजत होता.

माल तरीही चालतच राहिला. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने झफार म्हणून वर्णिलेले नगर, ज्याचे अवशेष आज सलालाहच्या वस्तीलगत अल्-बलीद येथे दिसतात, भारताला घोडे पाठवीत असे, आणि तिथल्या विड्याच्या पानांचे व नारळाचे त्याने सविस्तर वर्णन केले आहे. एकोणिसाव्या शतकात लोबानाची मोठी पेठ मुंबई झाली. तिथे माल निवडला जाई, प्रतवारी होई आणि मग तो युरोपकडे व चीनकडे रवाना होई. १८९४-९५ च्या सुमारास थिओडोर आणि मेबेल बेंट हे इंग्रज दांपत्य करा डोंगरात फिरले ते उंटावरूनच, आणि १९३० च्या डिसेंबरात बर्ट्रम टॉमस सलालाहहून 'रिता चतुर्थांश', म्हणजे रुब अल्-खाली हे महावाळवंट, ओलांडायला निघाला तोही उंटावरूनच.

घाटावर चाक चढले ते तेलाच्या शोधासाठी. १९५० च्या दशकात तेलकंपनीने सलालाहहून डोंगर ओलांडून सुमारे ८० किलोमीटरवरच्या थुमरैतपर्यंत, ज्याला तेव्हा मिडवे म्हणत, खडीमातीची गाडीवाट काढली. तेल त्या शोधात फायद्याचे ठरले नाही. वाट मात्र उरली. अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेले सुलतान सईद बिन तैमूर १९५८ पासून सलालाहच्या राजवाड्यातच राहत, आणि प्रजेच्या प्रवासापासून शिक्षणापर्यंत साऱ्यांवर त्यांनी कठोर निर्बंध लादले होते. या निर्बंधांतून धोफारमध्ये असंतोष वाढला. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेलकंपनीच्या वाहनांवर हल्ले झाले, आणि १९६५ पासून उघड बंड सुरू झाले, ज्याने पुढे साम्यवादी वळण घेतले. बंडखोरांनी डोंगर ताब्यात घेतल्यावर थुमरैतची वाट तुटली आणि सलालाह मागच्या मुलखापासून विलग झाले.

२३ जुलै १९७० रोजी काबूस बिन सईद यांनी वडिलांना पदच्युत केले, आणि त्यानंतरच्या युद्धात रस्ता हेच शस्त्र ठरले. डिसेंबर १९७३ मध्ये काबूस यांच्या मदतीला आलेल्या इराणी फौजांनी थुमरैतचा मार्ग पुन्हा खुला केला. पश्चिमेला मुघसैलपासून उत्तरेकडे काटेरी तारांची हॉर्नबीम रेषा उभारली गेली, जेणेकरून बंडखोरांची रसद घेऊन येमेनकडून येणारे उंटांचे तांडे अडावेत. हजारो वर्षे ज्या प्राण्याने हा मुलूख जोडून ठेवला होता त्यालाच अडवण्यासाठी तारा ताणाव्या लागल्या, ही या युद्धातील सर्वांत खोल वेदना म्हणावी लागेल. डोंगरातील जे ठाणे शांत होई तिथे नागरी साहाय्य पथक विहीर खोदी, दवाखाना, शाळा, दुकान आणि मशीद उभारी, आणि तिथपर्यंत बुलडोझरने वाट काढली जाई. डिसेंबर १९७५ मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले. गाडीवाटा मागे राहिल्या, पुढे त्यांवर डांबर पडले, आणि मुघसैलपासून येमेनच्या सीमेकडे जाणारा, कड्यांत वळणावर वळण घेत चढणारा रस्ताही बांधला गेला.

फ्रान्समध्ये हे नेमके उलट घडले. तिथल्या टेकड्यांवर वाइनच्या गाड्यांसाठी रस्ते आधीपासूनच होते, आणि पुढे सायकलशर्यती अशाच तयार रस्त्यांवरून धावल्या. १९०३ च्या पहिल्या टूर द फ्रान्सने पॅरिस, लिऑन, मार्सेय, तुलूझ, बोर्दो आणि नाँत असा २,४२८ किलोमीटरचा फेरा घेतला, आणि १९१० मध्ये ती पिरेनीजच्या उंच घाटांत शिरली. बर्गंडीतील नामांकित मळ्यांची वाट १९३७ मध्ये पर्यटनासाठी आखली गेली, तर अल्सास प्रांताची १९५३ मध्ये. चढणीवर सर्वांत आधी पोहोचणाऱ्याचा मान वेगळा मोजण्याची टूरमधील पद्धत १९३३ ची आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी सर केलेल्या स्पर्धकाला मिळणारा 'घाटांचा राजा' हा किताब त्याच परंपरेचा मराठी अवतार होय, आणि तो नावाने मूळ किताबापेक्षा कमी भारदस्त नाही.

टूर द फ्रान्स भरवणाऱ्या संस्थेच्या सहभागाने २०१० मध्ये टूर ऑफ ओमान सुरू झाली. तिचे ख्यातनाम घाट जबल अल्-अख्दरवर, म्हणजे सलालाहपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला आहेत. धोफारचा घाट त्या मानाने कमी प्रसिद्ध असला तरी सायकलस्वाराला तो जे शिकवतो ते अन्यत्र क्वचितच सापडेल. मोटारीतून जाणाऱ्याला हवेतील फरक काचेआडून कळत नाही. सायकलस्वाराला मात्र जर्बीबवरील दमट उष्मा, चढणीवरची अंगावर साचणारी भुरभुर, धुक्यातून अचानक रस्त्यावर येणाऱ्या उंट-गाई, आणि माथ्यावर पोहोचताच कोरड्या वाऱ्याने सुकून जाणारे कपडे, असे तीन प्रदेश एकाच सकाळी कातडीला जाणवतात. प्राचीन व्यापाऱ्यांना प्रतवारी करताना जे ठाऊक होते ते त्याला दमछाकीतून ठाऊक होते.

युनेस्कोने २००० साली धोफारमधील चार स्थळांना जागतिक वारशात स्थान दिले: अल्-बलीद, खोर रोरी, वाळवंटातील शिसर आणि वादी दौका. यांपैकी वादी दौका सलालाहहून सुमारे ४० किलोमीटरवर, थुमरैतच्या रस्त्यालगतच आहे. घाटमाथ्यावरून उत्तरेकडे उतरणाऱ्या सायकलस्वाराला तिथे पांढुरक्या खडकाळ पात्रात पसरलेली हजारो झाडे दिसतात. उन्हाळ्याच्या दिवसांत तो पोहोचला तर खोडांवर मन्कफचे ताजे घाव असतात, आणि त्या घावांतून ओघळलेले दुधी थेंब हवेत घट्ट होत असतात.