चाल उसनी, बोल आपले

एप्रिल लागला की राळेगावात चौकातल्या खांबांवर, पानठेल्यांच्या पाठीवर निळी पोस्टरं दिसू लागतात. वर कोटातले बाबासाहेब, खाली दोन फोटो, एका अंगाला गायक आणि दुसऱ्या अंगाला गायिका, दोघांच्या मध्ये ठळक अक्षरांत : 'दुय्यम कव्वाली'. पुण्या-मुंबईचा पाहुणा हे वाचून चक्रावतो. दुय्यम म्हणजे कमी प्रतीची, मग तिची जाहिरात कशाला? त्याला सांगावं लागतं की फारसीत दुय्यम म्हणजे दुसरा, आणि आमच्या इकडं तो शब्द सामन्याला लागतो. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तो परतवायचा. दुसरा नसेल तर कार्यक्रमच नाही.

तोवर कापूस घरातून गेलेला असतो, वावरं मोकळी पडलेली असतात, दिवसा उन्हात उभं राहवत नाही. म्हणून कार्यक्रम रात्रीचा. सतरंज्या पडतात, 'हॅलो, हॅलो' होतं, पेटी, ढोलक आणि बेंजो सुरात येतात. आधी बुद्ध-भीम वंदना. मग बेंजोवर चार सूर वाजतात आणि समोरची पोरं हसतात, कारण चाल ओळखीची असते. सिनेमातली. नायक नायिकेच्या मागे ज्या चालीवर धावला, तिच्यावर आता गायक विचारतो की शिकून साहेब झालेला आपला माणूस वस्तीत पुन्हा का आला नाही. हसू विरतं. मागचे साथीदार तीच ओळ टाळीवर पाच-सहा वेळा घोळवतात. शेजारची म्हातारी म्हणते, "आता ते बाई काय म्हन्ते पाहू!" एखादा कास्तकार उठून दहाची नोट देतो, माईकवरून त्याचं नाव पुकारलं जातं, जयभीम होतो, आणि बाई जवाबाला उभी राहते.

नाचाची चाल घ्यायची आणि तिच्यावर राजकारण बसवायचं, ही युक्ती काही आमच्याच घरची नाही. जमैकाची राजधानी किंग्स्टन इथं १९५० च्या दशकात गरिबांना हॉटेलातल्या बँडचं संगीत परवडत नसे. ड्यूक रीड, कॉक्सन डॉड अशा मंडळींनी कपाटाएवढे कर्णे मोकळ्या आवारात मांडून अमेरिकन तबकड्या वाजवायला सुरुवात केली. त्याला तिथं साउंड सिस्टिम म्हणत. आपली चांगली तबकडी कोणती हे समोरच्याला कळू नये म्हणून तिचं लेबल खरवडून टाकत. दोन सिस्टिम समोरासमोर लागल्या की झडे ती दुय्यमच! पुढे अमेरिकेतून हवा तसा माल येईना, तेव्हा त्यांनी गाणी स्वतःच ध्वनिमुद्रित करायला घेतली. त्यातून निघाला स्का : मात्रेच्या मधल्या जागेवर गिटारचा तुटक ठोका, वर तुताऱ्यांसारखी पितळी वाद्यं. ६ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हेच वाजत होतं. १९६६ च्या सुमाराला लय मंदावली, बास पुढे आला, शब्द मोकळे ऐकू येऊ लागले. त्या संथ प्रकाराला रॉकस्टेडी म्हणतात. स्वातंत्र्य आलं, पण काम आलं नाही, आणि बेकार झोपडपट्टीतली भडक माथ्याची पोरं त्या गाण्यांचा विषय झाली. डेस्मंड डेकरचं '००७ (शँटी टाउन)' १९६७ चं.

आपल्या गाण्याचं कूळ याहून बरंच जुनं आहे. आजच्या कव्वालीच्या मागे कॅसेट, गायन पार्टी, जलसा अशा पायऱ्या उतरत गेलं की आपण तमाशाच्या फडात पोचतो. जलसा हा शब्द अरबी. मूळ अर्थ बसणे, बैठक. मजलिस आणि इजलास ही त्याचीच भावंडं. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्यांच्या पश्चात त्या समाजाच्या मंडळींनी शेतकऱ्याला कळेल असं साधन शोधलं, ते तमाशाचं. या जलशाचे आद्य कर्ते म्हणून भीमराव महामुनींचं नाव घेतात. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, वगाचा साचाही तोच. शृंगार तेवढा काढला आणि त्या जागी भट-सावकाराची लूट, लग्नातला खर्च, मुलांची शाळा आणून बसवली.

आंबेडकरी जलशानं ती परंपरा उचलली, पण एक पेच सोडवून. तमाशाच्या फडावर नाचणारी-गाणारी माणसं बव्हंशी महार-मांगांचीच होती. तो कलेचा मान होता आणि जातीनं लादलेली चाकरीही होती. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पैसा नाकारला, साचा मात्र चळवळीनं नाकारला नाही. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३० चा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यांच्या धामधुमीत नाशिककडचे भीमराव कर्डक फड घेऊन उभे राहिले. मोर्चाला न येणारा माणूस जलशाला येई, आणि घरी जाताना ओळ घेऊन जाई. आमच्या विदर्भात नागपूरजवळच्या मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे त्याही आधीपासून वर्तमानपत्रं आणि कवनं दोन्ही चालवत होते.

मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्म घेऊन जुने देव सोडले, तसं जुनं गाणंही अंगाला टोचू लागलं असावं. ढोलकी-तुणतुण्याला गावकीचा वास होता. कव्वालीला तो नव्हता. ती ताजबागच्या उरुसात ऐकलेली होती, सिनेमात पाहिलेली होती, आणि हिंदी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या नागपूरकराला परकी नव्हती. विदर्भानं कव्वाली का धरली याचं मला पटणारं कारण हे. नागपूरचे नागोराव पाटणकर याच वाटेचे नामवंत कव्वाल. सवाल-जवाबाची खुमखुमी मात्र कव्वालीतून एकटीनं आली नाही. कलगी-तुऱ्याच्या शाहीरांनी शिव थोर की शक्ती थोर यावर रात्री जागवल्या होत्या. आज पोस्टरवर गायकासमोर गायिका उभी दिसते, तिच्यात मला ती जुनी शक्तीही दिसते.

चालींच्या उसनवारीतला मोठा गडी म्हणजे वामनदादा कर्डक. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षरं शिकले, आणि १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं ते एका हिंदी गाण्याचं विडंबन. २००४ मध्ये गेले तोवर गावोगाव फिरून गात राहिले. गायला वाद्यवृंद हवा, चाल बांधायला उस्ताद हवा, ही अट त्यांनी मोडली. चाल रेडिओवरून घरात आलेलीच होती, फक्त बोल बदलायचे होते.

१९८० च्या दशकात कॅसेट आली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. तासभर चालणारा वग त्यात मावेना, पाच मिनिटांचं गाणं मावलं. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या मुलांचा आवाज टपरीवर, ट्रॅक्टरवर पोचला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या लढ्यानं सोळा वर्षं, १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, याच गाण्यांवर तग धरला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं जीवन संपवलं. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तिथून सुरू होतो.

तिकडे स्काही घर सोडून फिरला. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीत काळ्या-गोऱ्या पोरांनी मिळून टू टोन नावाची कंपनी काढली. पांढऱ्या-काळ्या चौकटींची खूण मिरवत ही पोरं वंशद्वेषाविरुद्ध नाचली. त्यांच्यातल्या 'द स्पेशल्स'चं 'घोस्ट टाउन' १९८१ मध्ये बेकारीवर बोलत पहिल्या क्रमांकावर गेलं, नेमकं तिथली शहरं दंगलींनी पेटलेली असताना. दिल्लीत 'स्का व्हेंजर्स'नं तो ठोका आपल्या राजकारणाला लावला. चेन्नईत २०१८ साली 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'नं तिथला 'गाना' हा वस्तीतला गाण्याचा प्रकार आणि रॅप जोडले. सगळीकडे गोम एकच : चाल उसनी घेतली की दार उघडतं, कारण ऐकणाऱ्याचे कान आधीच तिच्या घरचे असतात. बोल मात्र उसने घेऊन भागत नाही.

म्हणूनच आजच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेबद्दल माझी तक्रार आवाजाची नाही. कर्णे किंग्स्टनमध्येही कपाटाएवढेच होते. पण रॉकस्टेडीनं लय मंद केली आणि शब्द वर आले. आमच्या डीजेनं लय वाढवली आणि शब्द बुडवले. ज्या ओळीवर म्हातारी मान डोलवायची, ती आता छातीत नुसती धडधडते. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली, खास परवानगी मिळाली तर बाराची. पहाटेपर्यंत रंगणारा सामना तीन तासांत उरकू लागला. सवाल राहतो, जवाबाला वेळ उरत नाही.

तरी दुय्यम मेलेली नाही. राळेगावच्या पोस्टरवर तारीख बहुधा १४ एप्रिलची नसते. ती असते नंतरच्या कुठल्यातरी आडदिवसाची, कधी थेट मे महिन्यातली. कारण चौदाला एकही पार्टी रिकामी मिळत नाही.